आयर्लंडची वीण

वस्त्राचा उगम कशांत आहे, या प्रश्नाचें उत्तर अमरकोशकारांनीं फार थोडक्यांत देऊन ठेविलें आहे. झाडाची साल, फळ, किडा आणि प्राण्यांचे केंस या चार ठिकाणांहून मनुष्याचें सर्व वस्त्र जन्मास येतें, असें ते सांगतात. फळापासून कापूस, किड्यापासून रेशीम, केंसांपासून लोकर हें सर्वांच्या परिचयाचें आहे. सालीपासून होणाऱ्या वस्त्रांत क्षौमाची गणना होते. अळशीच्या दांड्यांतील धागा काढून विणलेलें हें कापड. यालाच इंग्रजींत लिनन म्हणतात. शाकुंतलाच्या चौथ्या अंकांत सासरीं निघालेल्या शकुंतलेस तपोवनांतील एका वृक्षानें जें मंगल वस्त्र दिलें, तें क्षौमच होतें. वृक्षानें दिलेलें वस्त्र कोणास विणावें लागत नाहीं. या मर्त्य जगांत मात्र प्रत्येक वस्त्रामागें कोणाचे तरी दोन हात असतात, आणि ते कोणाचे, हें कोशांत कोठेंच सांगितलेलें नसतें.

युरोपखंडाच्या अगदीं पश्चिमेस, अटलांटिक महासागरांत, आयर्लंड नांवाचें बेट आहे. आकारानें तें महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून किंचित् मोठें. पाऊस मुबलक, गवत बारमाही हिरवें, मेंढ्या विपुल. शिवाय उत्तरेकडील अल्स्टर प्रांतांत पूर्वीं अळशीची लागवड व लिननचा धंदा मोठा होता. म्हणजे अमरकोशांतील चारांपैकीं दोन प्रकार या बेटाच्या वांट्यास आले. या दोहोंच्या आधारावर गेल्या पाऊणशें वर्षांत तेथें स्वतंत्र वेषरचनाकारांची एक परंपरा निर्माण झाली आहे. मोठ्या कारखान्याच्या चाकरींत न राहतां स्वतःच्या कल्पनेनें स्त्रियांचीं वस्त्रें व लोकरीचे विणलेले कपडे निर्माण करणारे, थोड्या माणसांच्या साहाय्यानें आणि बरेचसें काम हातानें करणारे, असे हे कलावंत. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. पॅरिस व लंडन येथें त्यांची वाखाणणी होते, ती योग्यच आहे. परंतु हें काम नीट समजून घ्यावयाचें तर त्याच्या पाठीशीं असलेली पावणेदोनशें वर्षांची हकीकत आधीं पाहिली पाहिजे.

१८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरीब शेतकऱ्याचें तेंच मुख्य अन्न असल्यामुळें पुढील कांहीं वर्षें भयंकर दुष्काळ माजला. १८४१ च्या खानेसुमारींत सुमारें ८२ लक्ष असलेली लोकसंख्या १८५१ सालीं सुमारें ६५ लक्षांवर आली. सुमारें दहा लक्ष माणसें भुकेनें व तापानें मेलीं, आणि तितकींच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेलीं. शेतकऱ्याच्या हातीं कुदळ होती, पण जमिनींतून निघत होता तो कुजका बटाटा. अशा वेळीं पुष्कळ घरांना आधार झाला तो क्रोशाच्या सुईचा. कॉर्क परगण्यांतील ख्रिस्ती मठांतून मठवासिनी मुलींस क्रोशाचें काम शिकवीत होत्याच. १८४७ सालीं मोनाहन परगण्यांतील क्लोनिस या गांवीं तेथील धर्मोपदेशकाची पत्नी कॅसांड्रा हँड हिनें दुष्काळग्रस्त कुटुंबांकरितां तेंच काम सुरू केलें. भांडवल काय, तर एक बारीक आंकडी आणि सुताचें रीळ. बाप रोजगाराच्या शोधांत वणवण हिंडत असतां मुलीच्या बोटांवर घर चालूं लागलें.

या कामाची रीत आमच्या भगिनींस सहज समजेल. व्हेनिस शहरांतील सुईनें केलेल्या मौल्यवान लेसचा थाट तर आणावयाचा, पण तिला लागणारा वेळ वांचवावयाचा, हा यामागील हेतु होता. प्रथम जाड दोऱ्याचा गाभा धरून त्यावर क्रोशाचे टांके घालीत, आणि गुलाब, पानें, तिपानी शॅमरॉक असे उठावदार तुकडे सुटे विणीत. कापडावर नकाशा काढून त्यावर हे तुकडे पालथे ठेवीत व धांवदोऱ्यानें अडकवीत. मग मधल्या मोकळ्या जागेंत बारीक गांठींची जाळी विणून सर्व तुकडे एकमेकांस जोडीत. शेवटीं धांवदोरा उसवला कीं मागचें कापड सुटून येई आणि जाळींत फुलें तरंगत राहत. कामाची वांटणीही ठरलेली असे. एका घरीं गुलाबच होत, दुसऱ्या घरीं पानें होत, आणि जोडणी तिसरीच कोणी करी. एका गळपट्टीवर चार घरच्या चुली पेटत त्या अशा.

विसाव्या शतकाच्या आरंभीं पॅरिसच्या श्रीमंत स्त्रियांत आयरिश क्रोशाच्या झग्यांची व जाकिटांची मोठी चलती होती. परंतु त्यापूर्वींच, १८८० नंतरच्या दशकांत, स्वित्झर्लंडकडील यंत्रांवर या लेसची नक्कल निघूं लागली होती. आणि पहिल्या महायुद्धानंतर उरलीसुरली मागणीही ओसरली. त्या काळांतील उत्कृष्ट नमुने आज पदार्थसंग्रहालयांत कांचेआड पाहावयास मिळतात. त्यांखालीं गांवाचें नांव असतें, सालाचा अदमास असतो. विणणारीचें नांव क्वचितच असतें. ज्या हातांनीं कुटुंबें जगविलीं, त्या हातांचें श्रेय दलालास, उपकारकर्त्या मंडळींस आणि अंगावर घालणारीस मिळालें.

आमच्याकडे स्वदेशी आणि बहिष्कार हे दोन शब्द जोडीनें उच्चारले जातात. त्यांतील बहिष्काराचें इंग्रजी नांव जगाला आयर्लंडनेंच दिलें. १८८० सालीं मेयो परगण्यांत एका जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्यावर कुळांनीं बहिष्कार टाकला, त्यावरून 'बॉयकॉट' हा शब्द रूढ झाला. स्वदेशीची बाजूही तेथें होतीच. १९०२ सालीं डब्लिनजवळ डंड्रम येथें ईव्हलिन ग्लीसन या बाईंनीं कवि यीट्स यांच्या दोन बहिणी, लिली व एलिझाबेथ, यांस बरोबर घेऊन 'डन एमर' नांवाची उद्योगशाळा काढली. भरतकाम, गालिचे विणणें व छपाई हीं कामें मुली तेथें शिकत. कच्चा माल शक्य तों आयरिशच असे. एमर ही आयरिश पुराणांतील कुहूलिन या वीराची पत्नी. ती सुईच्या कामांत निपुण म्हणून प्रसिद्ध, म्हणून शाळेस तिचें नांव. चालक स्त्रिया, शिकणाऱ्या स्त्रिया, आणि नांवही स्त्रीचें. दुष्काळांत हें काम लोक दयेनें विकत घेत. आतां तें कलेच्या मोलानें घ्यावें, हा विचार येथें रुजूं लागला.

लोकरीच्या विणीची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. गॉलवेच्या उपसागराच्या मुखाशीं ॲरन नांवाचीं तीन खडकाळ बेटें आहेत. तेथील मच्छीमारांचा म्हणून नांवाजलेला जाड, सायीच्या रंगाचा स्वेटर आज जगभर ओळखला जातो. त्यावर वेणीसारखे पीळ, मधाच्या पोळ्याची जाळी, शंकरपाळ्यांसारखे चौकोन अशी उठावाची वीण असते. लोकर रंगवीत नसत, आणि तींतील नैसर्गिक स्निग्ध अंश पुरता काढूनही टाकीत नसत. त्यामुळें पाणी चटकन् आंत झिरपत नसे. या स्वेटराविषयीं एक करुण आख्यायिका सर्वत्र सांगण्यांत येते. ती अशी कीं, बेटांवरील प्रत्येक कुळाची वीण निराळी असे, आणि समुद्रांत बुडालेल्या मच्छीमाराचें प्रेत ओळखण्याच्या पलीकडे गेलें तरी स्वेटराच्या विणीवरून त्याचें कुळ लोक ओळखीत.

कथा हृदयद्रावक आहे, पण तिला आधार नाहीं. तिचें मूळ बहुधा जे. एम. सिंग या नाटककाराच्या 'रायडर्स टु द सी' या एकांकिकेंत असावें. ही एकांकिका १९०४ सालीं रंगभूमीवर आली. तींत बुडालेल्या भावाची ओळख बहिणीस पटते खरी. पण ती पटते पायमोज्यावरून. तो मोजा तिनें स्वतः विणलेला असतो, आणि विणतांना आपल्या हातून चार टांके गळाले होते, हें तिला आठवत असतें. पुढें १९३६ सालीं ऑक्सफर्ड येथील लोकरीचे एक व्यापारी हाइन्ट्स एडगर कीव्ह यांच्या दृष्टीस डब्लिनमध्यें असा एक स्वेटर पडला, आणि त्याच्या विणींत प्राचीन केल्टिक लोकांचीं धर्मचिन्हें असल्याचा तर्क त्यांनीं लढविला. कुळांच्या नक्षीची गोष्टही विक्रीस सोयीची, म्हणून दुकानांतून पसरत गेली. रिचर्ड रट यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या हातविणकामाच्या इतिहासांत या समजुतींची परीक्षा करून त्या खोडून काढल्या आहेत.

मग खरी हकीकत काय? १८९१ सालीं सरकारनें आयर्लंडच्या दरिद्री पश्चिम किनाऱ्याच्या सुधारणेसाठीं एक मंडळ नेमलें. त्यानें मासेमारीच्या धंद्यास उत्तेजन दिलें, तेव्हां बाहेरचे मच्छीमार बेटांवर येऊं लागले, आणि त्यांच्या अंगांतील विणलेले सदरे बेटांवरील बायकांच्या दृष्टीस पडले. ती वीण त्यांनीं उचलली आणि स्वतःच्या बुद्धीनें तिला असें रूप दिलें कीं मूळ वीण मागें पडली. म्हणजे ही कला पुराणकाळची नसून शंभर-सव्वाशें वर्षांमागील कांहीं चतुर बायकांची निर्मिति आहे. माझ्या मतें ही हकीकत त्या आख्यायिकेपेक्षां अधिक गौरवाची आहे. पुराणाचें पांघरूण घालतांना त्या बायकांची प्रतिभा मात्र झांकली गेली. सिंगच्या नाटकांतील बहिणीला जें ठाऊक होतें, तेंच यांतलें मर्म होय: विणलेल्या वस्तूवर विणणारीच्या हाताची खूण असते, आणि ती दुसऱ्या कोणाची असूं शकत नाहीं.

१९३० सालीं म्यूरिअल गॅहन या बाईंनीं डब्लिनमध्यें 'कंट्री शॉप' नांवाचें दुकान काढून खेड्यापाड्यांतील कारागिरांचा माल शहरच्या गिऱ्हाइकांपुढें मांडला. त्यांत ॲरनचे स्वेटरही होते. तें दुकान १९७८ पर्यंत चाललें. पुढें १९६१ सालीं क्लॅन्सी बंधु हे आयरिश गायक हे पांढरे स्वेटर घालून अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर गायिले, तेव्हांपासून तर मागणीस पूर आला.

कारागीर आणि रचनाकार यांचा पहिला मोठा मेळ घातला तो सिबिल कॉनली (१९२१ ते १९९८) हिनें. लंडनमध्यें धंदा शिकून दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं ती डब्लिनला आली, आणि १९५३ सालीं तिनें निर्मिलेल्या पोषाखाचें चित्र 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकलें. पॅरिसची नक्कल करण्याचें सोडून ती घरच्या जिनसांकडे वळली. कॉनेमारामधील शेतकरणींच्या परकराचें लाल फ्लॅनेल, डोनेगालचें हातमागाचें ट्वीड, कॅरिकमॅक्रॉसची लेस आणि लिनन, हें तिचें साहित्य. रुमालाच्या पातळ लिननला ती इतक्या बारीक चुण्या घालवी कीं नऊ वार कापडांतून एक वार चुणीदार कापड निघे. नऊवारी नेसणाऱ्या आमच्या माताभगिनींस हा हिशेब मौजेचा वाटेल! अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी जॅकलिन केनेडी या तिच्या गिऱ्हाइकांपैकीं होत्या. तिच्या भरभराटीच्या काळीं शंभराच्या आसपास बायका तिच्यासाठीं काम करीत, आणि त्यांतील पुष्कळजणी आपापल्या घरीं बसून विणीत व लेस करीत. सिबिलची कीर्ति दोन खंडांत पसरली. त्या शंभरजणींच्या हातीं काम आलें, पण नांव आलें नाहीं.

यानंतरच्या पिढ्यांत विणीला रचनेचा मान मिळाला. डब्लिनच्या लेनी कियो हिनें लोकरीच्या विणीस शिल्पाचा डौल दिला. १९९७ सालीं लंडनच्या फॅशन-सप्ताहांत तिचीं विणलेलीं वस्त्रें गाजलीं. हाँगकाँगमध्यें जन्मलेला जॉन रोचा आयरिश लिननच्या ओढीनें डब्लिनला येऊन तेथलाच झाला, आणि १९९३ सालीं ब्रिटनमध्यें वर्षाचा श्रेष्ठ रचनाकार म्हणून गौरविला गेला. त्याच्या रचनांत क्रोशाच्या कामाला मोठें स्थान असे. त्याची कन्या सिमोन हिनें २०१० सालीं स्वतःच्या नांवानें व्यवसाय सुरू केला. ब्रेंडा अहर्न व हेलन डिलेनी या दोघी मैत्रिणींनीं 'इलेक्ट्रॉनिक शीप' या विनोदी नांवाखालीं चित्रें व गोष्टी विणलेले गळपट्टे काढले. ॲरनपैकीं मधल्या इनिश मान बेटावर वस्ती दोनशेंहूनही कमी. तेथें १९७६ सालीं एका जोडप्यानें विणकामाचा कारखाना काढला. तेथें यंत्रेंही वापरतात, पण शेवटचें जोडकाम हातानें होतें, आणि बेटावरील तरुण माणसांस घर सोडून जाण्याचें एक कारण त्यामुळें कमी झालें.

या सर्वांत माझ्या मनास अधिक भिडतें तें रोशीन पीअर्स या तरुण डब्लिनकर रचनाकर्तीचें काम. २०१९ सालीं फ्रान्समधील इयेर येथील उत्सवांत हस्तकौशल्याचें शॅनेल पारितोषिक तिला मिळालें. तिच्या कामांत तिची आई तिला साथ देते. तिचीं वस्त्रें बहुतेक सगळीं पांढरीं. क्रोशाची लेस, आणि कापडास टांक्यांनीं चुण्या पाडून उमटविलेलीं फुलें, एवढाच त्यांतील अलंकार. तिच्या पहिल्या मालिकेस 'बहरांतील स्त्रिया' अशा अर्थाचें आयरिश नांव होतें, आणि तिचा संबंध आयर्लंडच्या एका दुःखद इतिहासाशीं होता.

तो इतिहास असा. त्या देशांत मठांच्या व्यवस्थेखालीं 'मॅग्डलीन' नांवाच्या धुलाईशाळा होत्या. अविवाहित माता, पोरक्या मुली, घरच्यांना जड झालेल्या तरुणी यांना तेथें कोंडून ठेवीत, आणि वेतनावांचून कपडे धुण्याचें व इस्तरीचें काम त्यांच्याकडून करवीत. पुष्कळजणींचें मूळचें नांवही आंत गेल्यावर बदलण्यांत येई. १९२२ पासून सुमारें दहा हजार स्त्रिया या दारांतून आंत गेल्या, असें सरकारी चौकशींत आढळून आलें. शेवटची धुलाईशाळा १९९६ सालीं बंद झाली, आणि २०१३ सालीं पंतप्रधानांनीं संसदेंत राष्ट्राच्या वतीनें या स्त्रियांची क्षमा मागितली. दुसऱ्यांचे कपडे शुभ्र करण्यांत ज्यांचें तारुण्य गेलें, त्यांच्या स्मरणार्थ त्याच शुभ्र कापडावर फुलें उमटवावयाचीं, यांतील अर्थ वेगळा सांगावयास नको.

वेक्सफर्डच्या रिचर्ड मलोन याचेंही नांव येथें घेतलें पाहिजे. लोकरीच्या वस्त्ररचनेसाठीं असलेलें आंतरराष्ट्रीय वूलमार्क पारितोषिक त्याला २०२० सालीं मिळालें. त्यानें आपल्या रचनांकरितां तामिळनाडूंतील हातमागावर कापड विणवून घेतलें आणि ही गोष्ट उघडपणें सांगितली. कापड कोठून आलें हें सांगणें म्हणजे ज्या हातांचा उल्लेख कोशांत नाहीं त्यांचा उल्लेख करणें होय.

आतां थोडा हिशेब. जन्मभर मुलांना व्यवहारी अपूर्णांक शिकविलेल्या माणसास तो केल्यावांचून राहवत नाहीं. ॲरनच्या पद्धतीचा एक मोठा स्वेटर हातानें विणावयास कित्येक आठवडे लागतात. आपण नुसते साठ तास धरूं. आयर्लंडांत २०२५ सालीं कायद्यानें ठरलेली किमान मजुरी ताशीं १३.५० युरो होती. साठ तासांची मजुरी झाली ८१० युरो. लोकर, दुकानाचें भाडें व नफा यांची गोष्टच सोडा. बाजारांत मात्र 'हातानें विणलेला' म्हणून विकला जाणारा स्वेटर पुष्कळदां याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाला मिळतो. मग उरलेली रक्कम कोणी भरली? ती विणणारीनें भरली, आपल्या दिवसांच्या रूपानें. घरीं बसल्या बसल्या होणारें काम, म्हणून त्याची मजुरी मोजावयाची नाहीं, हा संकेत दुष्काळापासून चालत आला आहे. हातानें विणणाऱ्या बायका तेथें विरळ होत चालल्या, त्याचें मोठें कारण या हिशेबांत आहे. लोकरीचीही तीच गत. आयर्लंडांतील मेंढपाळास लोकरीची जी किंमत मिळते, तींतून कातरणीची मजुरीही पुष्कळदां भागत नाहीं. आणि दुकानांतील अनेक आयरिश स्वेटर परदेशांतून आणलेल्या मऊ मेरिनो लोकरीचे असतात.

स्वतंत्र रचनाकारांच्या मालाची किंमत ऐकून लोक चकित होतात, त्याचा उलगडा येथें होतो. ती किंमत सर्वस्वीं मजुरीचीच असते असें नाहीं; तींत नांवाचाही भाग असतो, आणि हा माल श्रीमंतांनाच परवडतो हेंही खरें. परंतु थोडेंच करावयाचें, काम कोणी केलें तें सांगावयाचें आणि तासांचें मोल गिऱ्हाइकाकडून मागावयाचें, ही रीत त्यांतील चांगल्या मंडळींनीं धरली, हा त्यांचा विशेष आहे. आईबरोबर बसून टांके घालणारी मुलगी आईस कामकरीण समजत नाहीं. तिला ती सहकारी म्हणते. क्लोनिसच्या चार घरांत वांटलें गेलेलें तें काम, ती बुद्धि आणि तें नांव पावणेदोनशें वर्षांनीं एका ठिकाणीं येऊं लागलें आहे.

आमच्या घरांतूनही क्रोशाची सुई कांहीं नवी नाहीं. रुखवतांतील रुमाल, ताटावरची जाळी, दारावरचें तोरण, बाळाचें टोपडें हीं दुपारच्या वेळीं, घरांतील सर्वांची जेवणें उरकल्यावर, कोणीतरी विणलेलीं असतात. पाहुणे 'छान झालें आहे' म्हणतात. किती दिवस लागले हें कोणी विचारीत नाहीं. अशी जुनी वस्तु ज्या घरीं असेल, त्यांनीं एक लहानसें काम करावें. ती कोणी विणली, आजीनें, आत्यानें कीं काकूनें, हें घरांतील वडील माणसांस विचारावें. तें नांव व अदमासें साल एका कागदावर लिहून त्या वस्तूच्या घडींत ठेवावें. सांगणारी माणसें आहेत तोंवर हें करून घ्यावें, कारण टांके शंभर वर्षें टिकतात, आठवण तितकी टिकत नाहीं.